वाचकांचे प्रश्न : सरकारी कार्यालयातली पोच हरवली तर काय करावे?

या वेळी उत्तरासाठी निवडलेले सगळे प्रश्न एकाच अडचणीचे आहेत. अर्ज केला, पैसे भरले, कार्यालयाने हातात एक कागद दिला आणि तो कागद हरवला. पावती गेली म्हणजे अर्जही गेला, अशी भीती बहुतेक पत्रांतून व्यक्त झाली आहे आणि काही कार्यालयांतले कर्मचारी ती भीती आपल्या बोलण्याने वाढवतात, हेही पत्रांवरून दिसते. वस्तुस्थिती तशी नाही. कार्यालयात आलेल्या अर्जाची आणि घेतलेल्या पैशाची नोंद कार्यालयातच राहते आणि आपल्या हातातला कागद ती नोंद लवकर सापडावी म्हणून दिलेला असतो. त्यामुळे कागद हरवल्यावर नेमके काय मागायचे हे ठाऊक असेल, तर बहुतेक कामे पुन्हा पैसे न भरता मार्गी लागतात.

प्रश्न : मुलीच्या नॉन-क्रीमीलेयर प्रमाणपत्रासाठी आपले सरकार सेवा केंद्रातून अर्ज केला होता. तिथे मिळालेली पावती प्रवासात हरवली. केंद्रचालक म्हणतात, पावतीशिवाय काही सांगता येणार नाही, नवीन अर्ज करा. प्रवेशाची मुदत जवळ आली आहे. नवीन अर्ज करावा का?

उत्तर : एवढ्यात नवीन अर्ज करू नये. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ हा कायदा २८ एप्रिल २०१५ पासून लागू आहे. या कायद्याखाली अधिसूचित झालेल्या प्रत्येक सेवेला ठरावीक मुदत आहे आणि सर्व कागदपत्रांसह परिपूर्ण अर्ज मिळाल्यापासून ती मोजली जाते. आपण नवीन अर्ज केला, तर पहिल्या अर्जावर आजवर गेलेले दिवस हिशेबातून जातात आणि मुदत नव्याने सुरू होते. शिवाय एकाच दाखल्यासाठी एकाच व्यक्तीचे दोन अर्ज दिसले, की त्यांतला एक थांबवला किंवा फेटाळला जाण्याची शक्यता असते आणि प्रवेशाच्या तोंडावर हा गोंधळ परवडणारा नाही.

आपल्याला पावतीपेक्षा तिच्यावरच्या अर्ज क्रमांकाची अधिक गरज आहे. अर्ज भरताना केंद्रचालकाने मोबाइल क्रमांक नोंदवून घेतला असेल, म्हणून सर्वप्रथम त्या मोबाइलवरचे जुने संदेश पाहावेत. अनेकदा हा क्रमांक घरातल्या दुसऱ्याच व्यक्तीचा दिलेला असतो, त्यामुळे घरातल्या सगळ्यांचे फोन तपासावेत. संदेश सापडला नाही, तर अर्ज केल्याची तारीख आणि अर्जदाराचे नाव घेऊन पुन्हा त्याच केंद्रावर जावे. केंद्रचालकाने भरलेले अर्ज त्याच्या स्वतःच्या लॉगिनमध्ये दिसतात आणि तिथून पावतीची प्रत पुन्हा छापता येते. म्हणून “पावतीशिवाय सांगता येणार नाही” हे त्यांचे म्हणणे बरोबर नाही. आपण आपले सरकार पोर्टलवरच्या स्वतःच्या खात्यातून अर्ज केला असता, तर हीच पावती आपल्याला घरबसल्या काढता आली असती. ज्यांना संगणकाची थोडीफार सवय आहे त्यांनी स्वतःच्या नावाने खाते उघडूनच अर्ज करावा, असे मला मनापासून वाटते.

केंद्रचालकाने तरीही नकार दिला, तर आपले सरकार सेवेच्या १८०० १२० ८०४० या निःशुल्क क्रमांकावर विचारणा करावी आणि त्याच दिवशी ज्या कार्यालयाकडे अर्ज गेला तिथेही चौकशी करावी. जातीचे आणि नॉन-क्रीमीलेयरचे दाखले सामान्यतः उपविभागीय अधिकाऱ्यांच्या सहीने निघतात, त्यामुळे त्यांच्या कार्यालयातल्या, म्हणजे प्रांत कार्यालयातल्या, दाखल्यांच्या टेबलावर अर्जदाराचे पूर्ण नाव, गाव आणि अर्जाचा अंदाजे दिवस सांगितला, तर अर्ज कुठल्या टप्प्यावर अडला आहे हे कळू शकते. अर्ज क्रमांक हाती आल्यावर पोर्टलवर विभाग व सेवा निवडून अर्जाची सद्यःस्थिती पाहावी आणि त्या पानाची छापील प्रत काढून ठेवावी. प्रवेश घेताना दाखल्याऐवजी अर्जाची पोच तात्पुरती चालेल की नाही, हे त्या वर्षीच्या प्रवेश माहितीपुस्तिकेत लिहिलेले असते. ते आधी वाचावे, म्हणजे आपल्याला किती दिवस हातात आहेत याचा अंदाज येईल.

दाखला देण्याची कायद्याने ठरलेली मुदत उलटून गेली असेल, तर त्यानंतर ३० दिवसांच्या आत प्रथम अपील करता येते आणि सबळ कारण असल्यास ९० दिवसांपर्यंत ते स्वीकारले जाऊ शकते. विनाकारण सेवा न देणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपयांपर्यंत शास्ती होऊ शकते, ही तरतूद टेबलावरच्या कर्मचाऱ्याशी शांतपणे बोलताना आपल्याला माहीत असलेली बरी.

प्रश्न : गेल्या वर्षीची घरपट्टी ग्रामपंचायतीत रोख भरली. पावती हरवली. आता नव्या मागणीत ती रक्कम थकबाकी म्हणून आली आहे. दुसरी पावती मागितली, तर “नियमात बसत नाही” असे उत्तर मिळाले. हे खरे आहे का?

उत्तर : दुसरी पावती देता येत नाही, हे त्यांचे म्हणणे बरोबर आहे. मात्र तेवढे सांगून आपल्याला परत पाठवणे योग्य नाही. सरकारी पैशाच्या व्यवहारात मूळ पावती हरवल्याच्या सबबीवर तिची दुसरी प्रत देऊ नये, असा जुना आणि पक्का दंडक आहे. केंद्र सरकारच्या १९८३ च्या जमा व प्रदान नियमांत तो स्पष्ट शब्दांत आहे आणि राज्यातल्या कार्यालयांचा शिरस्ताही तोच आहे. एकाच रकमेच्या दोन पावत्या बाहेर फिरू लागल्या, तर एकच भरणा दोनदा दाखवून परतावा किंवा वजावट मागता येईल, हे त्यामागचे कारण आहे. परंतु त्याच नियमात पुढे असेही म्हटले आहे, की गरज असल्यास अमुक दिवशी, अमुक खात्यावर, अमुक व्यक्तीकडून अमुक रक्कम मिळाली, असे प्रमाणपत्र देता येईल. म्हणून आपण पावतीच्या नकलेऐवजी रक्कम भरल्याचा दाखला मागावा. अर्जातले एवढे शब्द बदलल्याने अडलेले काम सुटल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत.

ग्रामपंचायतीच्या बाबतीत आपले काम आणखी सोपे आहे, कारण एकाच भरण्याची नोंद तिथे अनेक ठिकाणी होते. कराची पावती नमुना १० मध्ये फाडली जाते आणि तिची कार्यालयीन प्रत पावती पुस्तकात राहते. रक्कम त्या दिवशीच्या सामान्य रोकडवहीत, म्हणजे नमुना ५ मध्ये, जमा धरली जाते. आणि आपल्या मिळकतीच्या नावापुढे नमुना ९ च्या कर मागणी नोंदवहीत वसुली दाखवली जाते. थकबाकी निघाली याचा अर्थ बहुधा शेवटची नोंद राहून गेली आहे. तेव्हा ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना, म्हणजे पूर्वीच्या ग्रामसेवकांना, लेखी अर्ज द्यावा. मजकूर असा चालेल :

“माझ्या मिळकत क्रमांक अमुक या घराची सन अमुकची घरपट्टी रुपये अमुक मी अमुक महिन्यात रोख भरली आहे. मूळ पावती माझ्याकडून गहाळ झाली आहे. कृपया त्या महिन्याची रोकडवही व पावती पुस्तकाची कार्यालयीन प्रत पाहून रक्कम जमा झाल्याचा दाखला द्यावा व मागणी नोंदवहीत वसुलीची नोंद घ्यावी.”

नेमकी तारीख आठवत नसेल, तर महिना लिहावा आणि त्या सुमारास बँकेतून पैसे काढले असतील तर त्या पासबुकाच्या पानाची प्रत जोडावी. त्या प्रतीने भरणा सिद्ध होत नाही, पण शोध कुठून सुरू करायचा हे शोधणाऱ्याला कळते.

दाखला मिळून वसुलीची नोंद झाल्यावर “ग्रामपंचायतीचे येणे बाकी नसल्याचा दाखला” मागून घ्यावा. ती लोकसेवा हक्क कायद्याखालची अधिसूचित सेवा आहे आणि तो दाखला हाती असला, की जुन्या पावतीचा प्रश्न पुन्हा उद्भवत नाही. मात्र पावती पुस्तक आणि रोकडवही या दोन्हींत आपल्या रकमेचा पत्ता नसेल, तर ते प्रकरण हरवलेल्या पावतीच्या पलीकडचे आहे. अशा वेळी पंचायत समितीच्या गटविकास अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार करावी आणि माहितीच्या अधिकारात त्या महिन्याच्या पावती पुस्तकाची प्रत्यक्ष पाहणी मागावी. पावती पुस्तकांवर अनुक्रमांक छापलेले असतात, त्यामुळे मधली पावती गायब असेल तर ती लपत नाही.

प्रश्न : कार्यालयात साध्या कागदावर अर्ज दिला आणि माझ्या प्रतीवर शिक्का मारून घेतला. ती प्रत हरवली. त्यावर कुठलाही संगणकीय क्रमांक नव्हता. आता मी अर्ज दिलाच नाही, असे सांगितले जाते.

उत्तर : हाती दिलेला अर्ज प्रथम आवक-जावक शाखेत, जुन्या कार्यालयीन बोलीत बारनिशीत, नोंदवला जातो. नोंदवहीत अनुक्रमांक, तारीख, अर्जदाराचे नाव, विषय आणि अर्ज कोणत्या टेबलाकडे पाठवला हे लिहिले जाते. आपण टेबलावर जाऊन “माझा अर्ज कुठे आहे?” असे विचारले, की तो कर्मचारी स्वतःच्या फाइली पाहतो आणि त्यात नसेल तर नाही म्हणतो. त्याऐवजी आवक शाखेत जाऊन अमुक आठवड्यातल्या नोंदी पाहून आवक क्रमांक देण्याची विनंती करावी. क्रमांक मिळाला, की अर्ज कोणाच्या सहीने कोणी घेतला हे त्याच ओळीत सापडते आणि पुढची विचारणा त्या व्यक्तीपासून सुरू करता येते.

तोंडी विनंतीने काम झाले नाही, तर माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ चा आधार घ्यावा. राज्यातल्या कार्यालयासाठी १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप अर्जावर लावला तरी चालतो, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तोही लागत नाही, आणि माहिती ३० दिवसांत द्यावी लागते. प्रतींसाठी पानामागे २ रुपये आकारले जातात. महाराष्ट्राच्या नियमांनुसार अशा अर्जात एकच विषय असावा आणि मजकूर साधारण १५० शब्दांत बसावा, म्हणून आपल्यावर झालेल्या अन्यायाची हकिगत त्यात लिहू नये. “अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंतच्या आवक नोंदवहीच्या पानांच्या साक्षांकित प्रती” एवढेच मागावे. अर्ज दिलाच नाही हा दावा त्या पानावरच्या एका ओळीने निकाली निघतो. मूळ अर्जाचा मजकूर आपल्याकडे नसेल, तर त्याच अर्जात आपल्या अर्जाची व त्यावरील टिपणीची प्रतही मागता येईल, कारण विषय तोच आहे.

प्रश्न : वडिलांनी काही वर्षांपूर्वी जमिनीचे खरेदीखत नोंदवले होते. ते वारले. मूळ खत घरात नाही आणि दुय्यम निबंधक कार्यालयाची पावतीही सापडत नाही. खत कार्यालयातच राहिले असेल का? ते आम्हाला मिळेल का?

उत्तर : आपल्या प्रश्नात पावतीला खरोखर वजन आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. नोंदणी अधिनियम, १९०८ च्या कलम ५२ प्रमाणे दस्त सादर करणाऱ्याला निबंधकाने पावती द्यायची असते, आणि कलम ६१ प्रमाणे नोंदणी पूर्ण झाल्यावर मूळ दस्त सादर करणाऱ्याला, किंवा त्याने त्या पावतीवर लेखी नेमलेल्या व्यक्तीला, परत करायचा असतो. म्हणजे ही पावती दस्त ताब्यात घेण्याचा अधिकार दाखवते. आता नोंदणीच्या वेळीच दस्त स्कॅन करून बहुधा त्याच दिवशी परत दिला जातो, परंतु पूर्वी दस्त नकलून होईपर्यंत कार्यालयातच राहत असे आणि अनेक जण ते आणायचे विसरून जात.

म्हणून आधी दस्त तिथे आहे का, हे पाहावे. दुय्यम निबंधकांना वडिलांचे नाव, गाव, गट क्रमांक आणि नोंदणीचे अंदाजे वर्ष देऊन लेखी विचारणा करावी. दस्त क्रमांक ठाऊक नसेल, तर नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावरच्या ई-सर्च सुविधेत गाव आणि गट क्रमांक घालून तो शोधता येतो, आणि जुन्या दस्तासाठी कार्यालयातल्या सूचीत शोध घेता येतो. आणखी एक जागा पुष्कळांच्या लक्षात येत नाही. खरेदीनंतर सातबारावर वडिलांचे नाव लागले असेल, तर त्या फेरफार नोंदीत खरेदीखताचा क्रमांक आणि तारीख लिहिलेली असते. तलाठ्यांकडून, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्यांकडून, त्या फेरफाराची नक्कल घेतली की शोध बराच सोपा होतो.

मूळ दस्त कार्यालयात असेल, तर वडिलांच्या मृत्यूचा दाखला, वारस असल्याचा पुरावा आणि पावती गहाळ झाल्याचे लेखी निवेदन देऊन तो मागावा. सर्व वारसांनी एकत्र सही केलेला अर्ज दिल्यास निबंधकांना निर्णय घेणे सोपे जाते, एरवी एका वारसाला दस्त दिल्यावर दुसरा तक्रार घेऊन येईल, ही त्यांची काळजी रास्त आहे. हे काम लांबणीवर टाकू नये, कारण कलम ८५ प्रमाणे मृत्युपत्र वगळता दोन वर्षांहून अधिक काळ कोणी न नेलेले दस्त नष्ट करण्याची मुभा कार्यालयाला आहे.

मूळ दस्त नष्ट झाला असेल किंवा मिळालाच नाही, तरी नोंदणीची प्रत शाबूत असते. खरेदीखताची नोंद पुस्तक क्रमांक १ मध्ये होते आणि त्या पुस्तकातल्या दस्ताची प्रमाणित प्रत कलम ५७ प्रमाणे कोणालाही शुल्क भरून मिळते. तिच्यासोबत सूची क्रमांक २ चा उताराही घ्यावा. त्यात पक्षकारांची नावे, मिळकतीचे वर्णन, मोबदला आणि नोंदणीची तारीख एका पानावर मिळते. वारसनोंदीसारख्या कामांना ही प्रमाणित प्रत पुरते. पुढे जमीन विकायची असेल किंवा तिच्यावर कर्ज काढायचे असेल, तर मूळ खत का नाही हे विचारले जाईल, तेव्हा दस्त गहाळ झाल्याची पोलिसांतली नोंद आजच करून ठेवावी.

प्रश्न : आईच्या आधार नोंदणीची चिठ्ठी हरवली. कार्ड आलेले नाही आणि तिचा मोबाइल क्रमांक नोंदवलेला नाही. पुन्हा नोंदणी करावी का?

उत्तर : पुन्हा नोंदणी केल्याने अडचण वाढेल. पहिल्या नोंदणीवरून आधार क्रमांक तयार झाला असेल, तर बोटांचे ठसे आणि डोळ्यांची बुबुळे जुळल्यामुळे दुसरी नोंदणी दुबार म्हणून नाकारली जाते. चिठ्ठीवर १४ अंकी नोंदणी क्रमांक आणि त्यापुढे नोंदणीची तारीख व वेळ १४ अंकांत असते, आणि या २८ अंकांवरून स्थिती पाहता येते. मोबाइल नोंदवलेला असता, तर आधार देणाऱ्या प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर नाव आणि मोबाइल क्रमांक देऊन ओटीपीच्या आधारे हा क्रमांक परत मिळवता आला असता. तो नसल्यामुळे आपल्यासमोर दोन वाटा आहेत. १९४७ या क्रमांकावर फोन करून प्रतिनिधीशी बोलावे आणि नोंदणीच्या वेळी सांगितलेले नाव, जन्मतारीख, पत्ता व पिनकोड तंतोतंत तसेच सांगावे. किंवा आईंना घेऊन आधार केंद्रात जावे, तिथे आधार तयार झालेले असेल तर ठशांवरून ते शोधून छापून देता येते.

“तंतोतंत” हा शब्द मी मुद्दाम वापरला आहे. वयस्कर स्त्रियांच्या नोंदणीत माहेरचे नाव, सासरचे नाव आणि हाकेचे नाव यांची सरमिसळ झालेली असते. फोन करण्यापूर्वी नोंदणीच्या वेळी कोणता पुरावा दाखवला होता ते आठवावे आणि त्या कागदावर जसे नाव आहे तसेच सांगावे. नाव जुळले नाही, की प्रतिनिधी माहिती देत नाही आणि ते आपल्या आईंच्या हिताचेच आहे. चिठ्ठी काढून देतो म्हणून पैसे मागणाऱ्या किंवा ओटीपी विचारणाऱ्या कोणाच्याही वाटेला जाऊ नये.

प्रश्न : पासपोर्ट सेवा केंद्रात रांगेचे टोकन आत गेल्यावर हरवले तर भेटीची वेळ वाया जाते का? आणि बाहेर पडताना मिळणारी पोच हरवली तर?

उत्तर : टोकन हे त्या दिवसापुरते आणि त्या इमारतीपुरते असते. ते आपल्या अर्ज क्रमांकावर निघालेले असते, म्हणून घाबरून रांगेत मागे जाऊन उभे राहण्याऐवजी टोकन देणाऱ्या टेबलावर लगेच जाऊन अर्ज क्रमांक आणि ओळखपत्र दाखवावे. टोकन हाती येताच त्यावरचा क्रमांक मोबाइलमध्ये लिहून ठेवला, तर फलकावर आपला क्रमांक आला हे कळत राहते, आणि पुकारा होऊन गेला असेल तरी तसे सांगता येते. भेटीसाठी अर्जाच्या पावतीची छापील प्रत नेणेही आता बंधनकारक नाही, भेटीचा तपशील असलेला एसएमएस चालतो.

बाहेर पडताना मिळणाऱ्या पोचेवर फाइल क्रमांक असतो. तो आपल्या खात्यात सादर केलेल्या अर्जांच्या यादीत दिसतो आणि फाइल क्रमांक व जन्मतारीख यांवरून स्थिती कळते. खाते दुसऱ्या कोणी उघडून दिले असेल आणि त्याचा पासवर्ड नसेल, तर १८०० २५८ १८०० या क्रमांकावर विचारावे. पासपोर्ट स्पीड पोस्टाने घरी येतो. टपालवाला ओळखपत्र पाहतो, त्याला ही पोच लागत नाही.

प्रश्न : कुठलीही पावती हरवली, की पोलिसांचा दाखला आणि स्टँप पेपरवरचे प्रतिज्ञापत्र आणा, असे सांगतात. हे खरोखर आवश्यक असते का?

उत्तर : साध्या अर्जाच्या पोचेसाठी दोन्हींची गरज सहसा नसते. ज्या कागदाच्या जोरावर दुसऱ्याला मालमत्ता, पैसा किंवा ओळख मिळवता येते, उदाहरणार्थ मूळ दस्त, पासपोर्ट किंवा वाहन परवाना, तो हरवल्यावर पोलिसांत नोंद करणे शहाणपणाचे आहे. ही नोंद महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावरूनही करता येते. मात्र हरवणे आणि चोरीला जाणे यांत फरक करावा. पिशवी चोरीला गेली असेल, तर “गहाळ” अशी नोंद करून घेण्यात समाधान मानू नये. चोरी हा सहसा दखलपात्र गुन्हा असतो, तेव्हा त्याचा प्रथम खबरी अहवाल नोंदवला गेला पाहिजे आणि त्याची प्रत फिर्यादीला विनामूल्य मिळते.

प्रतिज्ञापत्राबद्दल राज्य शासनाची भूमिका बरीच आधी स्पष्ट झाली आहे. ९ मार्च २०१५ च्या शासन निर्णयाने, जिथे कायद्याने प्रतिज्ञापत्र सक्तीचे नाही तिथे स्वयंघोषणापत्र आणि स्वसाक्षांकित प्रती स्वीकाराव्यात, असे सांगितले आहे. आणि प्रतिज्ञापत्र द्यावेच लागले, तरी शासकीय कार्यालयात दाखल करायच्या प्रतिज्ञापत्रावरचे मुद्रांक शुल्क राज्याने २००४ मध्येच माफ केले आहे, म्हणजे ते साध्या कागदावर चालते. तरीसुद्धा कार्यालयाबाहेर बसलेले लोक स्टँप पेपर खपवतात आणि रोजंदारी बुडवून आलेला माणूस वाद नको म्हणून पैसे मोजतो, याचे मला फार वाईट वाटते. कर्मचाऱ्याने प्रतिज्ञापत्र मागितले, तर ते कोणत्या नियमाने लागते हे लिहून देण्याची विनंती नम्रपणे करावी. स्वयंघोषणापत्रात कोणता कागद, अंदाजे कधी आणि कुठे हरवला, तो सापडल्यास कार्यालयात जमा करीन आणि त्याचा गैरवापर करणार नाही, एवढे लिहून सही करावी. खोटी माहिती दिल्यास शिक्षा होऊ शकते, म्हणून जे खात्रीने आठवते तेवढेच लिहावे.

प्रश्न : पावती हरवली नाही, पण तिच्यावरची अक्षरेच उडाली आहेत. कोरा कागद उरला आहे. काही उपाय आहे का?

उत्तर : ही थर्मल कागदावरची पावती आहे. या कागदावर शाई नसते. त्याच्या पृष्ठभागावरचा रासायनिक थर उष्णतेने काळा होऊन अक्षरे उमटतात आणि ऊन, ओलावा किंवा प्लॅस्टिकच्या पाकिटाचा संपर्क यांनी ती फिकी पडतात. जपून ठेवण्यासाठी कोणी अशी पावती लॅमिनेट करायला देतात, तेव्हा यंत्राच्या उष्णतेने अख्खा कागद काळा पडतो. आपली पावती तिरप्या उजेडात धरून पाहावी, क्रमांकातले काही अंक पुसट दिसू शकतात. तेवढे अंक, दिवस आणि रक्कम सांगितली तरी कार्यालयाला नोंद शोधता येते. तो कोरा कागद टाकून देऊ नये, रक्कम भरल्याचा दाखला मागताना अर्जाला जोडावा. यापुढे अशी पावती मिळाली, की खिडकीपासून हलण्यापूर्वी तिचा फोटो घ्यावा, फोटोत क्रमांक आणि तारीख स्पष्ट वाचता येते याची खात्री करावी आणि घरी आल्यावर तिची साध्या कागदावर झेरॉक्स काढून ती झेरॉक्स फाइलला लावावी.